कुडतरीच्या घराची बोली

घराचं माप घ्यायला दुसरा माणूस आला तेव्हा एर्मेलिंदा मागच्या शेडमध्ये भट्टीपाशी होती. चिंचिणीच्या एका लग्नासाठी चाळीस बेबिंका द्यायच्या होत्या, आणि थराथरांची ही मिठाई म्हणजे एकेक थर भाजत बसायचं काम. मधेच उठलं की थर करपलाच. म्हणून तिनं कोण आलंय बघायला हाताखालच्या शेवंतीला पुढं पाठवलं. शेवंती परत येऊन म्हणाली, "पात्राव आलाय. बरोबर एक चष्मेवाला आहे, खिडक्यांचे फोटो काढतोय."

पात्राव, म्हणजे घरधनी, सिप्रियानो, एर्मेलिंदाचा नवरा. घटस्फोट होऊन चार महिने झाले होते, पण शेवंतीच्या तोंडातून जुना शब्द जात नव्हता. एर्मेलिंदानं भट्टीचे निखारे बाजूला ओढले, हात धुतले आणि ती पुढं गेली.

कोर्टानं नेमलेला माणूस महिन्याभरापूर्वीच येऊन गेला होता. पी.डब्ल्यू.डी.तून रिटायर झालेला म्हातारा इंजिनियर. त्यानं टेपचं एक टोक एर्मेलिंदाच्याच हातात दिलं, खोल्या मोजल्या, विहिरीत डोकावून पाहिलं, दोन ग्लास पाणी प्यायला आणि कोर्टात आकडा दिला: जमिनीसकट अठ्ठ्याऐंशी लाख. गोव्याच्या कायद्यानं नवरा-बायकोचं सगळं निम्मं निम्मं. म्हणजे घर ठेवायचं तर एर्मेलिंदानं सिप्रियानोला चव्वेचाळीस लाख द्यायचे. रक्कम मोठी होती खरी, पण आकडा तिनं मान्य केला होता. क्रेडिट सोसायटीनं चाळीसपर्यंत कर्ज देऊ म्हटलं होतं. बाकीचं सोन्यातून निघालं असतं.

सिप्रियानोनं तो आकडा मान्य केला नाही. हा चष्मेवाला, रिबेलो नावाचा, त्यानं स्वतःच्या पैशानं आणलेला होता. तो पणजीकडं दिल्ली-मुंबईच्या लोकांना घरं दाखवायचं काम करी. एर्मेलिंदा बाल्कांवात, पुढच्या ओसरीत, आली तेव्हा तो काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीवरून हात फिरवत सिप्रियानोला सांगत होता की असा माल हल्ली मिळत नाही, दिल्लीवाले या एका खिडकीसाठी वेडे होतात, आपण याला 'जुनं पोर्तुगीज घर' म्हणून लावू.

"दोन हजार आठ सालचं आहे," एर्मेलिंदा म्हणाली.

रिबेलोनं हसून विचारलं की मॅडम, बघून कुणाला कळणार आहे.

तिला राग आला तो त्या क्षणी, आणि पुढं कितीतरी महिने तो उतरला नाही. कारण त्या खिडक्यांपायी किती खपावं लागलं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. घर बांधायला काढलं तेव्हा आजूबाजूच्या गावांत जुनी घरं पाडून इमारती उठत होत्या. लोक शिंपल्यांच्या खिडक्या, सागवानी दारं, जुन्या फरश्या गाडीत भरून फेकून देत होते. एर्मेलिंदा टेम्पो घेऊन जायची. राशोलला एका घराच्या ढिगाऱ्यातून तिनं अकरा खिडक्या काढल्या, टेम्पोचं भाडं तेवढं दिलं. मग सहा महिने बाजारातून शिंपले आणून, एकेक फुटका काढून नवा बसवत राहिली. तेव्हा लोक हसायचे. नवं घर बांधते आणि भंगार लावते म्हणायचे. सिप्रियानोही फोनवर म्हणाला होता, ॲल्युमिनियमच्या घाल आणि मोकळी हो.

आता त्याच भंगारामुळं किंमत चढत होती, आणि चढलेल्या किमतीचा निम्मा भाग तिनं त्याला द्यायचा होता. रिबेलोचा आकडा आला एक कोटी पासष्ट लाख.

सिप्रियानो हा मुळात वाईट माणूस नव्हता, असं गावात अजून म्हणतात. चौदा वर्षं तो बोटीवर तारवटी होता, लाँड्रीत. आठ-नऊ महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरी आला की पहिले दोन दिवस झोपायचा, मग मित्रांना जेवायला बोलवायचा, मग जायची तारीख यायची. मूलबाळ झालं नाही. पुढं पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला तशी त्यानं बोट सोडली आणि इंग्लंडला स्विंडनमध्ये एका गोदामात कामाला लागला. एर्मेलिंदाला नंतर बोलावून घेणार होता. ते नंतर तीन वर्षं लांबलं, आणि एका रविवारी, ती चर्चमधल्या मिसाहून घरी येत असताना, त्यानं फोनवर सांगितलं की तो तिथं आसोळण्याच्या एका बाईबरोबर राहतो आणि त्याला घटस्फोटाचे कागद हवेत. एर्मेलिंदानं विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, आता त्याचं काय.

कागद तिनं दिले. माणूस गेला तर गेला, त्याच्या मागं फरफटत जायची नाही, असं तिनं भावाला सांगितलं होतं. पण घर वेगळं. घराला तिनं धरून ठेवलं होतं.

दोन आकड्यांमध्ये एवढी तफावत पडल्यावर मडगावच्या कोर्टात बोली ठरली. वकील सुलक्षा प्रभुदेसाई यांनी एर्मेलिंदाला नीट समजावून सांगितलं. कोर्टाच्या माणसाच्या आकड्यापासून सुरुवात. बोलणारे दोघंच. जो जास्त बोलेल त्याचं घर, आणि त्यानं दुसऱ्याला त्या बोलीच्या निम्मे पैसे द्यायचे. सुलक्षाबाई म्हणाल्या की त्याला घर नकोय, त्याला तुम्हाला वर चढवायचंय, तेव्हा आधी मनाशी आकडा ठरवा आणि त्याच्यापुढं एक रुपया जाऊ नका. एर्मेलिंदानं भावाला विचारलं. भाऊ पंधरा लाख उसने द्यायला तयार झाला. सोसायटीचे चाळीस धरून पंचावन्न झाले, म्हणजे बोली एक कोटी दहा. त्याच्यापुढं नाही.

बोलीच्या दिवशी सिप्रियानो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. खोली लहान होती. पंखा, चार खुर्च्या, टेबलामागं साहेब आणि लिहिणारा कारकून. अठ्ठ्याऐंशीपासून दोघं दोन-दोन लाखांनी चढले. शंभरपर्यंत पोचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एर्मेलिंदानं एक कोटी दहा म्हटलं. सिप्रियानो म्हणाला एक कोटी बारा.

इथं थांबायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं ते रिबेलोचं हसणं आलं आणि ती म्हणाली एक कोटी पंधरा. सुलक्षाबाईंनी टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सिप्रियानो अठरा म्हणाला. ती वीस म्हणाली. कुठून आणणार, याचा तिला पत्ता नव्हता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की सिप्रियानो साहेबांकडं बघतच नाहीये. तो तिच्याकडं बघत होता. मडगावच्या बाजारात मासळीवाली गिऱ्हाइकाकडं बघते तसा. हिला सुरमई हवीय, ही हलणार नाही, अजून पन्नास काढता येतील. बावीस वर्षं ओळखत असलेल्या बाईची किती ओढ आहे ते तो मोजत होता आणि त्या ओढीला भाव लावत होता. घराचं माप संपलं होतं, आता तिचं चाललं होतं.

"एक कोटी पंचवीस," सिप्रियानो म्हणाला, आणि थोडासा हसला.

कारकुनानं लिहिलं आणि वर बघितलं. साहेबांनी एर्मेलिंदाला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्यालाच द्या."

साहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की का. ती म्हणाली, नक्की. सिप्रियानोचा चेहरा बघायला ती थांबली नाही, पण तो उठता उठता खुर्चीला अडखळला एवढं तिला ऐकू आलं.

बाहेर जिन्यात सुलक्षाबाई तिच्यावर संतापल्या. आधी ऐकलं नाही आणि मग भलत्या वेळी हात झटकले, असं त्यांचं म्हणणं. घर गेलं ना. एर्मेलिंदा जिना उतरत राहिली. तिनं काही डाव टाकला नव्हता. ते हसणं तिला सहन झालं नाही, एवढंच. बसनं कुडतरीला येईपर्यंत तिला कळलं की तिनं घर घालवलंय, आणि ती बाल्कांवाच्या बाकावर बसून राहिली. शेवंतीनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

सिप्रियानोला पैसे भरायला कोर्टानं महिन्याची मुदत दिली होती. साडेबासष्ट लाख तिच्या नावानं भरायचे, मग घराचा ताबा. पहिला आठवडा एर्मेलिंदानं ऑर्डरी उरकल्या. दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ती पहार घेऊन पुढच्या खोलीत गेली आणि पहिल्या खिडकीच्या चौकटीत तिनं ती खुपसली. घर त्याचं झालंय ना, होऊ दे. चार भिंती झाल्यात त्याच्या. राशोलच्या ढिगाऱ्यातून उचललेलं ती त्या दिल्लीवाल्यांसाठी ठेवणार नव्हती. चुना भुगा होऊन पडत होता. शेवंती दारात उभी राहून नको नको म्हणत होती, आणि मग तीच धावत जाऊन रस्त्यावरून सिप्रियानोला घेऊन आली. तो रिबेलोबरोबर गिऱ्हाईक घेऊन येतच होता. गिऱ्हाईक, एक मध्यमवयीन जोडपं, गाडीतच बसून राहिलं.

"हात काढ त्याच्यावरून," सिप्रियानो म्हणाला. "ते आता माझं आहे."

"पैसे भरलेस?"

"भरीन."

"भरशील तेव्हा तुझं. आज तू माझ्या घरात उभा आहेस. चपला काढून उभा राहा."

त्यानं खरोखरच चपला काढल्या, सवयीनं, आणि मग त्याला स्वतःचाच राग आला. बाहेर माणसं बसलेली होती म्हणून तो आवाज दाबून बोलायला लागला, पण फार वेळ दाबू शकला नाही.

"तुझं घर? कुणाच्या पैशानं गो तुझं? चौदा वर्षं मी पाण्याखालच्या मजल्यावर लोकांच्या चादरी धुतल्या. तिथं खिडकी नव्हती. दिवस आहे की रात्र ते घड्याळात बघून कळायचं. आणि तू इथं माझ्या डॉलरवर खिडक्या सजवत बसलीस."

"मी तुला विचारलं होतं," एर्मेलिंदा म्हणाली. पहार तिच्या हातातच होती. "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला करू, विचारलं. तू म्हणालास, तुला हवं तिकडं कर. विहीर कुठं, न्हाणी कुठं, जिना आतून का बाहेरून. सगळ्याला तेच, तुला हवं तसं कर. दोन वर्षं मी विचारत होते, सिप्रू, आणि तुझ्याकडं एकाचंही उत्तर नव्हतं. आता ह्या माणसाला आणून अर्ध्या तासात सगळ्याचं उत्तर काढलंस."

"बोटीवरच्या फोनच्या कार्डावर तीन मिनिटं असायची. मागं वीस जण रांगेत. त्या तीन मिनिटांत मी न्हाणी कुठं ते सांगू?"

"मग आज कशाला सांगतोस?"

त्यानं खाली पडलेला चुना पायानं बाजूला सारला. मग म्हणाला, "सगळ्या सुट्ट्या धरून मी ह्या घरात जेमतेम दोन वर्षं झोपलोय. मोजलंय मी. त्याचे मला काय मिळाले? सांग ना. काय मिळालं मला?"

हे खरं होतं. एर्मेलिंदाला ते त्याच्याआधीपासून ठाऊक होतं, तिनंही कधीतरी मोजलं होतं, आणि म्हणूनच तिचा राग आणखी चढला. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. कीव करायची वेळ आणली मेल्यानं, आणि तिला ती करायची नव्हती.

"तुला काय मिळालं ते स्विंडनला जाऊन त्या बाईला विचार," ती म्हणाली. "माझ्याकडनं तुला अर्धं मिळत होतं, चव्वेचाळीस लाख. मी हूं का चूं केलं नव्हतं. तुला ते पुरलं नाही. तू तिथं बसून माझं तोंड वाचत होतास, ही किती देईल म्हणून."

 बाहेर गाडीचं दार उघडलं. गिऱ्हाइकातली बाई अंगणात उतरली होती आणि रिबेलोला विचारत होती की कुंपणातून तो माणूस आत कसा आला. माडावरून नारळ पाडणारा पाडेली होता तो, पास्कू. विहिरीमागच्या पायवाटेनं त्याच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या माडांवर जात होते, आणि त्यांच्यामागून अर्धी वस्ती चर्चला. रिबेलो म्हणाला की ते बंद करता येईल. पास्कूनं ते ऐकलं आणि थांबून म्हणाला की वाट सरकारी कागदात आहे, बंद करून दाखव. मग त्या बाईनं विचारलं की मागं धूर कसला, आणि भट्टीच्या शेडला परवाना आहे का. तो नव्हता. म्हाताऱ्या इंजिनियरनं हे सगळं त्याच्या कागदात लिहिलं होतं. रिबेलोनं लिहिलं नव्हतं.

एर्मेलिंदानं पहार खाली ठेवली. चौकट एका बाजूनं हलली होती, पुढं तिनं ती हलवली नाही. दया आली म्हणून नव्हे. त्या अनोळखी बाईसमोर तिला स्वतःच्या घराची मोडतोड करायची लाज वाटली.

त्या जोडप्यानं शेवटी पंच्याण्णव लाख सांगितले, वाट आणि शेड बघता त्याहून जास्त नाही. रिबेलोनं आणखी तिघांना आणलं. एकानं ऐंशी सांगितले, दोघांनी पुन्हा फोन केला नाही. एक कोटी पासष्ट लाख हा आकडा रिबेलोच्या कागदावर होता, कुणाच्या खिशात नव्हता. पंच्याण्णवला विकून साडेबासष्ट एर्मेलिंदाला दिले तर सिप्रियानोच्या हातात साडेबत्तीस राहत होते, आणि मुदत संपायला बारा दिवस. स्विंडनहून रोज फोन येत होते. तिथलं काम किती दिवस थांबणार. हे सगळं एर्मेलिंदाला गावातूनच कळलं. कुडतरीत कोण कुणाला किती फोन करतं हे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

मुदत संपायला सहा दिवस उरले तेव्हा त्याच्या वकिलाचा सुलक्षाबाईंना निरोप आला: आपसात मिटवू.

सुलक्षाबाईंच्या ऑफिसात चौघं बसले. सुलक्षाबाई आता एर्मेलिंदावर खूश होत्या. जणू जिन्यात त्या रागावल्याच नव्हत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की तो अडकलाय, सत्तरपासून सुरू करा, पंचाहत्तरला मिटेल. साडेसदतीसात घर तुमचं. वर सोनं मोडायला नको.

सिप्रियानो समोर बसला होता. शर्ट तोच पांढरा, पण इस्त्री नव्हती. पंधरा दिवसांत तो उतरला होता. सत्तर ऐकायची तयारी करून आला होता हे त्याच्याकडं बघून कळत होतं. एर्मेलिंदाला वाटलं, आता मी याचं तोंड वाचायचं. किती कमी घेईल. किती घाई आहे. चार लाख खाली, आणखी चार खाली. सोपं होतं. आणि तिला त्या सोपेपणाची किळस आली.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "कोर्टाच्या माणसानं लिहिले तेवढे. निम्मे चव्वेचाळीस. पहिल्या दिवशी मी देणार होते तेच देते. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही."

सुलक्षाबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्याच्या वकिलानं लगेच मान्य आहे म्हटलं, त्याचा अशील काही बोलायच्या आत. सिप्रियानो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "का?"

"तुझ्यासाठी नाही," एर्मेलिंदा म्हणाली. "तू उद्या कुणाला सांगायला नकोस की हिनं मला लुटलं. सही कर."

त्यानं सही केली. जाताना दारापाशी थांबून त्यानं सांगितलं की आईची वेताची आरामखुर्ची वरच्या खोलीत आहे, ती त्याला हवी होती. तिनं ती दुसऱ्या दिवशी टेम्पोनं त्याच्या भावाकडं पाठवून दिली. तो महिना संपायच्या आत तो इंग्लंडला गेला. त्या बाईशी त्यानं लग्न केलं असं ऐकलं.

एर्मेलिंदानं हातातल्या बांगड्या आणि गळ्यातली दोन पदरी साखळी मोडली. सोसायटीचं कर्ज बारा वर्षांचं आहे. दर महिन्याला हप्ता जातो तेव्हा ती अजून चिडते, शेवंतीवर ओरडते, मग दोघी बसून नारळ फोडतात. शेडचा परवाना तिनं काढला. पास्कूची वाट आहे तिथंच आहे. राग जाईल असं तिला वाटलं होतं, कागद हातात पडले की जाईल, पण तो गेला नाही. घराबरोबर तोही तिच्याच वाट्याला आला.

मागच्या मे महिन्यात चर्चच्या फेस्ताला तिची मावसबहीण भेटली. खूप दिवसांनी भेट होती. बहीण कौतुकानं म्हणाली की काही झालं तरी सिप्रियानो माणूस चांगला, घर तुझ्यासाठी सोडून गेला. एर्मेलिंदाच्या हातात लोकांना वाटायला घेतलेली तांदळाच्या सांनांची ताटली होती. ती तिनं बाकावर ठेवली.

"सोडलं नाही," ती म्हणाली. "मी विकत घेतलं. माझं घर, मी, त्याच्याकडनं."

बहीण हसायला गेली आणि थांबली. एर्मेलिंदानं ताटली उचलली आणि ती पुढच्या माणसाकडं गेली.